विश्लेषण : ‘मार्च एण्ड’नंतर स्कीइंगला गेल्यास बर्फ मिळतो का? एप्रिलच्या सहलीत नेमके काय वाट्याला येते?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एप्रिल उजाडतो तो दोन गोष्टी घेऊन. एक, ३१ मार्चच्या क्लोजिंगमधून झालेली सुटका. दुसरी, चाळिशीकडे सरकणारा पारा. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत अकाउंट्स, डिस्पॅच किंवा एक्स्पोर्टचे काम पाहणाऱ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा मिळणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे ‘यंदा बर्फात जाऊ’ हा बेत प्रत्यक्षात उतरतो तो एप्रिलमध्येच. घरात शाळकरी मुले असतील तर परीक्षा आटोपेपर्यंत एप्रिलचा शेवटचा आठवडाही उजाडतो.

अडचण अशी की, भारतातला स्कीइंगचा मोसम साधारण डिसेंबरअखेर ते मार्च असा असतो. म्हणजे सोलापूरकराची सुट्टी सुरू होते तेव्हा बर्फाची सुट्टी सुरू झालेली असते. टूर कंपनीच्या माहितीपत्रकावर मात्र जानेवारीतला फोटो असतो. झाडे पांढरी, छपरे पांढरी, कमरेपर्यंत बर्फ. तेवढे पाहून पैसे भरले तर हिरवळीवर उभे राहून ‘बर्फ कुठे आहे?’ असे विचारण्याची वेळ येते.

मग एप्रिलमध्ये जाऊच नये का? तसेही नाही. मोसमाच्या शेवटचे स्कीइंग वेगळ्या प्रकारचे असते आणि ते कॅलेंडरवर कमी, उंची आणि घड्याळ यांवर जास्त चालते. ही दोन गणिते समजली तर सहल वाया जात नाही.

मोसम संपतो म्हणजे काय होते?

हिमालयात हिवाळ्यातला बहुतेक बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या प्रणाली डिसेंबर ते मार्चदरम्यान जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडवर बर्फवृष्टी करतात. एप्रिलमध्येही त्या येतात, पण हवा तापलेली असल्याने खालच्या भागात पाऊस पडतो आणि बर्फ फक्त वरच्या उंचीवर.

त्यामुळे मोसम एका तारखेला संपत नाही, तो खालून वर संपत जातो. आधी गावातला बर्फ जातो, मग पायथ्याचे उतार उघडे पडतात, मग मधला टप्पा. शिखराजवळच्या घळींत मे-जूनपर्यंतही बर्फ टिकतो. ‘गुलमर्गला बर्फ आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. गुलमर्गच्या कोणत्या उंचीवर, हे विचारायला हवे.

उंचीचे गणित सोपे आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे. तिथे दुपारी २२ अंश असतील, तर २,६५० मीटरवरील गुलमर्गमध्ये अंदाजे १५ आणि सुमारे ३,९८० मीटरवरील गोंडोलाच्या शेवटच्या स्थानकावर ६ अंश असतील. प्रत्यक्ष आकडा वारा आणि ढगांनुसार बदलतो, पण फरकाचा अंदाज येतो. एकाच दिवशी खाली स्वेटर काढावासा वाटतो आणि वर हातमोज्यांशिवाय उभे राहवत नाही.

एप्रिलमध्ये बर्फ कुठे शिल्लक असतो?

गुलमर्ग : उशिराच्या मोसमासाठी देशातला सर्वात भरवशाचा पर्याय हाच. कारण उंची. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या थोडा वर नेतो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो थेट अफरवत पर्वताच्या खांद्यावर सोडतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात वरच्या टप्प्यावर स्कीइंग होण्याइतका बर्फ सहसा असतो. पण इथे एक मेख आहे. नवशिक्यांचे सोपे उतार गावाजवळच्या सपाट कुरणात आहेत आणि एप्रिलमध्ये तिथे बर्फाऐवजी गवत असते. वरचा अफरवतचा उतार तीव्र आहे आणि पहिल्यांदा स्की बांधणाऱ्यासाठी तो नाही. त्यामुळे नवशिक्याची भिस्त मधल्या कोंगडोरीवर राहते आणि तिथला बर्फ वर्षागणिक बदलतो.

मनाली : सोलांगची उंची अडीच हजार मीटरच्या आसपास. तिथला स्कीइंगलायक बर्फ मार्चअखेर बहुधा संपतो. नंतर गाड्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू, कोकसरकडे वळतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा तीन हजार मीटरच्या किंचित वर आहे. पलीकडे एप्रिलमध्ये बर्फ दिसतो, पण तो बहुतांशी खेळण्याचा, घसरण्याचा बर्फ. ३,९७८ मीटरवरील रोहतांग खिंड उन्हाळ्यात रस्ता मोकळा झाल्यावरच पर्यटकांना खुली होते. तिथे जाण्यासाठी परवाना लागतो आणि दिवसाला गाड्यांची संख्या १,२०० पर्यंत मर्यादित आहे.

औली : उतार उत्तम, पण उंची अडीच ते तीन हजार मीटरच. एप्रिलमध्ये औलीला स्कीइंगसाठी जाण्यात अर्थ नाही. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठमध्ये जमीन खचू लागल्यानंतर जोशीमठ-औली रोपवे बंद करण्यात आला. जुन्या माहितीपत्रकांत आणि व्हिडिओंत तो अजूनही दिसतो.

सकाळी काच, दुपारी चिखल : असे का?

एप्रिलच्या बर्फाचे वर्तन दिवसभरात तीनदा बदलते.

ताजा बर्फ हलका असतो. एका घनमीटरमध्ये ५० ते १०० किलो, बाकी सगळी हवा. मोसमाच्या शेवटी तोच बर्फ दबून, वितळून, पुन्हा गोठून ४०० ते ५०० किलोपर्यंत जड होतो. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो आणि पाणी कणांमध्ये झिरपते. रात्री आकाश निरभ्र असेल तर उष्णता वर निघून जाते आणि सगळे पुन्हा गोठते. हे चक्र अनेक दिवस चालले की बर्फाचे नाजूक स्फटिक मोडून गोल दाणे तयार होतात. इंग्रजीत याला ‘कॉर्न स्नो’ म्हणतात. सोलापूरकरांनी ज्वारीच्या कण्या डोळ्यांसमोर आणाव्यात.

सकाळी लवकर हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि उतार काचेसारखा कडक असतो. पडल्यास लागते. ऊन चढू लागले की वरचा दोन-चार सेंटिमीटरचा थर सैल होतो, खालचा मात्र घट्टच राहतो. हीच एप्रिलच्या स्कीइंगची सोन्यासारखी वेळ. स्की सहज वळते, वेग आवाक्यात राहतो आणि पडले तरी मऊ पडते. साधारण दुपारी बारा-एकनंतर खालपर्यंत पाणी मुरते आणि बर्फाचा रबरबाट होतो. स्की रुततात, पाय ओढावा लागतो.

ही वेळ उताराच्या दिशेवरही ठरते. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. उत्तरेकडचा उतार सावलीत असल्याने उशिरापर्यंत हिवाळ्यासारखाच राहतो. चांगला गाइड सूर्याच्या मागे मागे उतार बदलत जातो.

रात्री ढग असतील तर? मग उष्णता वर निसटत नाही आणि बर्फ नीट गोठत नाही. अशा दिवशी सकाळपासूनच रबरबाट असतो. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना केवळ दिवसाचे तापमान पाहून भागत नाही. रात्रीचे तापमान शून्याखाली आणि आकाश निरभ्र, हे दोन शब्द शोधायचे.

पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

पहिला दिवस उभे राहण्यात, पडण्यात आणि पडल्यावर उठण्यात जातो. स्कीचे बूट कडक आणि जड असतात, चालताना विचित्र वाटते. दोन्ही स्कींची टोके जवळ आणून मागचा भाग फाकवून थांबणे, ही पहिली शिकवण. ती जमली की सौम्य उतारावरून सावकाश खाली येता येते. दोन-तीन दिवस सलग दिले तर बहुतेकांना सोप्या उतारावर वळता येऊ लागते. एका दिवसात ‘स्कीइंग शिकलो’ असे कोणी म्हणत असेल तर तो फोटोबद्दल बोलत असावा.

उशिराच्या मोसमाचे नवशिक्याला काही फायदे आहेत. दिवस मोठा असतो, बोटे बधिर करणारी थंडी नसते, रस्ते मोकळे असतात. हिवाळ्यात टंगमर्ग ते गुलमर्ग या तेरा किलोमीटरच्या चढावर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या लागतात. एप्रिलमध्ये ती कटकट सहसा नसते.

तोटाही आहे. दुपारच्या जड बर्फात स्की अडकते, शरीर पुढे जाते आणि गुडघा पिळवटतो. स्कीइंगमधल्या दुखापतींत गुडघा आघाडीवर असतो. बूट स्कीला जिथे अडकतो त्या भागाला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर ते आपोआप सुटले पाहिजे आणि त्यासाठी ते स्कीअरचे वजन, उंची आणि अनुभवानुसार सेट करावे लागते. भाड्याने साहित्य देणाऱ्याने वजन विचारले नाही, तर ते आपणहून सांगावे आणि समोर सेटिंग करून घ्यावे. हेल्मेटही मागून घ्यावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची गुलमर्गमधील भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था, मनालीतील अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था यांचे स्कीइंगचे वर्ग प्रामुख्याने जानेवारी ते मार्चदरम्यान असतात. एप्रिलमध्ये जाणाऱ्याला खासगी प्रशिक्षकावर अवलंबून राहावे लागते. खरोखर शिकायचेच असेल तर मार्चच्या आधी आठ-पंधरा दिवसांची रजा काढण्याला पर्याय नाही.

सुती कपडे का नकोत?

हा मुद्दा अक्कलकोट रोडवर सांगायची खरे तर गरज पडू नये. इथल्या टेरी टॉवेलला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि टॉवेलची सगळी कीर्ती एकाच गुणावर उभी आहे. तो पाणी शोषतो. पृष्ठभागावरचे लूप पाणी ओढून घेतात आणि सूत ते धरून ठेवते.

अंघोळीनंतर हवाहवासा वाटणारा हाच गुण बर्फात वैरी ठरतो. जानेवारीचा कोरडा बर्फ कपड्यांवरून झटकला की निघून जातो. एप्रिलचा बर्फ ओला असतो. दहा वेळा पडले की पँट भिजते, वर घाम असतोच. सुती टीशर्ट आणि जीन्स हे पाणी धरून ठेवतात आणि वारा सुटला की ते पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने. सोलापूरच्या उन्हात मानेवर टाकलेला ओला टॉवेल सुख देतो, चार हजार मीटरवर भिजलेला बनियन हुडहुडी भरवतो.

कापड व्यवसायातल्यांना परिचित असलेला ‘मॉइश्चर रिगेन’चा आकडा हेच सांगतो. कापसाचा ८.५ टक्के, पॉलिस्टरचा जेमतेम ०.४ टक्के. लोकरीचा आकडा सुमारे १६ म्हणजे कापसापेक्षाही जास्त, पण तिचे तंतू कुरळे असल्याने ओली झाली तरी त्यांच्यात हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. म्हणून अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, सर्वात वर पाणी न शिरणारे जाकीट आणि पँट, अशी रचना हवी. मोजेही सुती नकोत आणि हातमोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवावा.

वाटेतल्या दुकानांतून भाड्याने मिळणारे फरचे कोट आणि गमबूट उभे राहून बर्फ पाहण्यापुरते ठीक. स्कीइंगसाठी ते जड आणि गैरसोयीचे.

सोलापुरी टॉवेल मात्र बॅगेत जरूर असावा, पण तो हॉटेलच्या खोलीसाठी. संध्याकाळी ओल्या बुटांत कोंबून ठेवला तर सकाळपर्यंत बरेच पाणी ओढून घेतो.

‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ हे चालते का?

चालत नाही. सोलापूरचे ऊन वरून येते, बर्फावरचे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून येते. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. शिवाय दर हजार मीटर उंचीला या किरणांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. हवा गार असल्याने चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी हनुवटीखाली, नाकपुड्यांशी, कानांमागे कातडी सोललेली असते. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे लागते आणि अतिनील किरण रोखणारा गॉगल मुलांनाही सक्तीचा समजावा. डोळ्यांवर किरणांचा मारा झाला तर काही तासांनी वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते आणि दिसेनासे होते. याला हिमांधत्व म्हणतात. ते सहसा एक-दोन दिवसांत उतरते, पण सहलीचे दिवस त्यातच जातात.

दुसरा प्रश्न विरळ हवेचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरही उंच नाही. अफरवतच्या स्थानकावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. गोंडोला २,६५० मीटरवरून थोड्याच वेळात तिथे नेऊन सोडते. डोके दुखणे, मळमळ, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर उपाय एकच, खाली उतरणे. पोहोचल्याच्या दिवशी वर जाऊ नये, एक रात्र गुलमर्गला काढावी. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सर्वात मोठा धोका कोणता?

हिमस्खलन. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअरचा मृत्यू झाला. ही घटना ऐन हिवाळ्यातली असली तरी एप्रिल सुरक्षित असतो असे नाही, फक्त धोक्याची जात बदलते. हिवाळ्यात नव्या बर्फाचा थर सुटतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी मुरल्याने बर्फ आपल्याच वजनाने खाली घसरतो. तो संथ वाटतो, पण ओल्या सिमेंटसारखा जड असतो.

या धोक्यालाही घड्याळ आहे. रात्री बर्फ नीट गोठला असेल तर सकाळ तुलनेने सुरक्षित, दुपार धोक्याची. रात्री ढग होते, पाऊस पडला किंवा तापमान शून्याखाली गेलेच नाही, तर सकाळही सुरक्षित नाही. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की तो उतार सोडायचा.

डीआरडीओची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते आणि स्थानिक आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा ते प्रसिद्ध करते. सहलीच्या काळात रोज सकाळी ते पाहावेत. आखलेल्या आणि गस्तीच्या हद्दीबाहेर नवशिक्याने पाऊलही टाकू नये, मग ‘तिकडे छान बर्फ आहे’ असे कोणी कितीही सांगो.

पॅकेज घेताना काय विचारावे?

‘स्नो ॲक्टिव्हिटी’ या दोन शब्दांत स्लेजवर बसवून ओढण्यापासून पंधरा मिनिटे स्की पायात अडकवून फोटो काढण्यापर्यंत काहीही येते. पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात :

• स्कीइंग नेमके कोणत्या ठिकाणी आणि किती उंचीवर? ‘गुलमर्ग’ किंवा ‘मनाली’ हे उत्तर पुरेसे नाही.

• प्रशिक्षक किती तास आणि किती जणांमागे एक?

• बूट, स्की, हेल्मेट यांचे भाडे धरलेले आहे का?

• गोंडोलाचे तिकीट कोणत्या टप्प्यापर्यंत आणि कोणत्या वेळेचे?

• वारा किंवा खराब हवेमुळे गोंडोला बंद राहिल्यास पैसे परत की पर्यायी दिवस?

• गेल्या आठवड्यात त्या जागी काढलेला व्हिडिओ पाठवता येईल का? हा प्रश्न सर्वात उपयोगी. बर्फाबद्दलची सगळी आश्वासने एका ताज्या व्हिडिओपुढे फिकी पडतात.

गोंडोलाचे तिकीट ऑनलाइन आणि आगाऊ काढावे. युरोपात मोसमाच्या शेवटी गर्दी ओसरते, काश्मीरमध्ये उलटे घडते. मार्चअखेरीपासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत श्रीनगरचे ट्युलिप गार्डन खुले असते आणि त्यासाठी आलेली गर्दी गुलमर्गलाही जाते. स्की बांधणारे मोजके, पण रांग मोठी. उशिराचा स्लॉट मिळाला तर बर्फाची चांगली वेळ रांगेतच संपते. सकाळच्या पहिल्या स्लॉटसाठी म्हणूनच धडपड करावी.

प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, ते कलम वाचून घ्यावे. मोबाइलचेही पाहावे. अन्य राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. नेटवर्क नसेल तर यूपीआयही चालणार नाही, त्यामुळे थोडी रोकड जवळ ठेवावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, फोन आतल्या खिशात असावा.

सुरक्षेची स्थितीही निघण्यापूर्वी तपासावी. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातील सहा पर्यटकांनी प्राण गमावले आणि त्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे तात्पुरती बंद करण्यात आली होती. रद्द करण्याच्या अटी सैल असलेले बुकिंग थोडे महाग पडले तरी परवडते.

परदेशात एप्रिलमध्ये हमी मिळते का?

उंची असेल तर बऱ्यापैकी. स्वित्झर्लंडमधील झरमॅटला ३,८८३ मीटरपर्यंत केबल कार जाते आणि हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालते. फ्रान्समधील व्हाल तोराँस हे गावच २,३०० मीटरवर असल्याने तिथला मोसम मेच्या सुरुवातीपर्यंत लांबतो. खर्च अर्थातच मोठा. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येणाऱ्या कझाकस्तानात अल्माटीजवळचे शिंबुलाक ३,२०० मीटरपर्यंत आहे. तिथेही एप्रिलमध्ये नियम तोच, वरचा टप्पा गाठायचा आणि सकाळ साधायची.

मोसमच पुढे सरकतोय का?

बर्फाचा बेभरवसा वाढला आहे, हे नक्की. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन मोसमात, गुलमर्गचे उतार जवळपास कोरडे होते. २०२५ मध्ये गुलमर्गला होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्चदरम्यान पार पडल्या. हिंदुकुश-हिमालय क्षेत्रावर काम करणाऱ्या इसिमोड या काठमांडूस्थित संस्थेच्या नोंदीनुसार, नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. हा २३ वर्षांतला नीचांक होता.

याचा अर्थ उशिरा जाणाऱ्यांचे फावले, असा नाही. एखाद्या वर्षी मार्चअखेर मोठी बर्फवृष्टी होऊन एप्रिल साधतो, तर एखाद्या वर्षी अफरवतवरही खडक डोके वर काढतात. चार महिने आधी पक्के बुकिंग करून बर्फाची खात्री बाळगणे आता जोखमीचे झाले आहे.

मग जावे की नाही?

पांढरेशुभ्र गाव, झाडांवर बर्फ आणि हॉटेलच्या दारात बर्फाचा माणूस हे चित्र हवे असेल तर एप्रिल टाळावा. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना ‘स्कीइंग शिकवायला’ नेण्याचा बेतही सोडून द्यावा. तेव्हा वर मिळेल तो बर्फ पाहण्याचा, हाताळण्याचा.

एप्रिलचा पहिला पंधरवडा, गुलमर्ग, किमान तीन रात्री, सकाळचा गोंडोला आणि दुपारी बाराच्या आत खाली, ही चौकट मान्य असेल तर जावे. तीन दिवसांपैकी एक दिवस हवेमुळे जाणार हे आधीच धरून चालावे. उरलेल्या दोन सकाळी मिळून हाती येतील पाच-सहा तास. ऐकायला कमी वाटतात. पण पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्याचे पाय तेवढ्यातच भरून येतात.

आणि बेत ठरवण्याआधी घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. पहाटे पाचला उठावे लागेल. कारखान्यात सकाळची पाळी करणाऱ्याला त्यात काही नवे नाही, सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाला मात्र ते पटवून द्यावे लागते. एप्रिलचा बर्फ उशिरा उठणाऱ्यासाठी थांबत नाही.